विषय: डेल्टिक इंजिनाच्या पोटात दोन यंत्रे कशासाठी?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या सहलीत रेल्वे संग्रहालय असल्यामुळे आमचे चिरंजीव सध्या ब्रिटनमधल्या जुन्या डेल्टिक या डिझेल रेल्वे इंजिनांच्या चित्रांत बुडाले आहेत. एका इंजिनात एकच मोठे डिझेल यंत्र बसवण्याऐवजी दोन का बसवली, असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. काका, आपण कृपया लिहावे.

* * *

ताई, सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. एकच मोठे यंत्र बसवलेले इंजिन इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनेच बनवले होते. ते म्हणजे ब्रिटिश रेल्वेचे ‘क्लास ४०’ जातीचे इंजिन: शक्ती २००० अश्वशक्ती आणि वजन तब्बल १३३ टन, त्यामुळे बरीचशी ताकद स्वतःचे धूड ओढण्यातच खर्ची पडे. डेल्टिकसाठी मात्र नेपियर कंपनीने नौदलाच्या वेगवान बोटींकरिता घडवलेले हलके यंत्र घेतले. एकाची शक्ती १६५० अश्वशक्ती असल्याने दोन बसवली, आणि सुमारे १०० टनांत ३३०० अश्वशक्ती मिळाली. वाटेत एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या जोरावर गाडी, कमी वेगाने का होईना, मुक्कामी पोचत असे.

खरे कौतुक आहे ते आतल्या रचनेचे. सिलिंडरांच्या तीन रांगा त्रिकोणात मांडलेल्या, प्रत्येक कोपऱ्यात एक क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या मागेपुढे होण्याने गोल फिरणारा दांडा), आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोरून एकमेकांकडे धावणारे दोन पिस्टन. म्हणजे सिलिंडर १८, पण पिस्टन ३६! हा त्रिकोण म्हणजे जणू उलटे केलेले ग्रीक डेल्टा (Δ) अक्षर, त्यावरूनच हे नाव पडले.

१९६१-६२ मध्ये आलेल्या अवघ्या २२ डेल्टिकांनी ५५ वाफेच्या इंजिनांची जागा घेतली आणि लंडन–एडिंबरा मार्गावर ताशी १०० मैलांनी गाड्या पळवल्या. जानेवारी १९८२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. सहा जपून ठेवल्या आहेत. सगळ्या २२ डेल्टिक इंग्लंडमधील न्यूटन-ली-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत बांधल्या गेल्या. बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या आपल्या पहिल्या आगगाडीची इंजिनेही याच कारखान्यातली, हे मुलाला अवश्य सांगावे.

कधी चालू डेल्टिक पाहायला मिळाली, तर ती सुरू होतानाच त्याला फलाटावर उभे करा. यंत्र थंड असताना धुराड्याच्या मार्गात साचलेले तेल जळून निळसर-करड्या धुराचा लोट उठतो, काही वेळाने दुसरे यंत्र जागे होते, आणि मग दोघांची मिळून जी घुमारेदार गुणगुण सुरू होते ती छातीत जाणवते. मी ती इंग्लंडमधल्या बॅरो हिल या जुन्या इंजिनांच्या संग्रहालयात ऐकली, आणि सोबतची मंडळी निघाली तरी माझा पाय तिथून हलेना.

आपला,
काका