एडीसीपीच्या डेटातून प्रवाहाचा पॅटर्न कसा काढावा? सल्ला हवा

सागरवेडी: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीसमोरचा एडीसीपीचा (ध्वनिलहरींनी थराथरातल्या प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र) डेटा मिळालाय. ऑक्टोबर ते जानेवारी, तासातासाच्या नोंदी, खोली ३० मीटर. उत्तर-दक्षिण वेगाचा आलेख काढला तर नुसतं गवत उगवल्यासारखं दिसतं. थेट ईओएफ (डेटातले मुख्य पॅटर्न वेगळे काढणारी सांख्यिकी पद्धत) लावू का? पायथन येतं, मॅटलॅब नाही.

जुना_खलाशी: ईओएफ सगळ्यात शेवटी. आधी वरचे थर कापा. यंत्राचा ध्वनीचा बीम २० अंश कललेला असेल तर पृष्ठभागालगतची साधारण ६ टक्के खोली भरवशाची नसते. मग अक्ष फिरवून किनाऱ्याला समांतर घ्या, आपला किनारा काही नाकासमोर उत्तरेला जात नाही. त्यानंतर यूटाइड (भरती-ओहोटीचा भाग वेगळा काढणारं पॅकेज), ते पायथनमध्ये आहे. भरतीचे एम२ (१२.४२ तास) आणि एस२ (१२ तास) हे घटक वेगळे करायला १५ दिवस पुरतात. के१ आणि पी१ (दोन्ही सुमारे २४ तासांचे) मात्र सहा महिन्यांच्या आत सुटत नाहीत, तो हट्ट सोडा.

मतलई: स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या काळाचं दोलन किती जोरदार ते दाखवणारा आलेख) २४ तासांचं शिखर दिसलं की लगेच भरती म्हणू नका. पावसाळा संपला की खारे वारे रोज दुपारी वाहतात, त्यांचाही काळ तोच. उधाण-भांगाबरोबर कमीजास्त होत नसेल तर वाऱ्यावर संशय घ्या.

जुना_खलाशी: +१. आणखी एक. पुस्तकातला ४० तासांचा लो-पास फिल्टर (जलद चढउतार गाळून संथ तेवढे ठेवणारा) डोळे मिटून लावू नका! तो वरच्या अक्षांशांसाठी ठीक. जडत्वीय दोलनाचा (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी गोल फिरतं, त्याचा) काळ १२ तास भागिले अक्षांशाचा साइन. १७ अंशांवर तो सुमारे ४१ तास येतो, गोव्याला ४५. म्हणजे फिल्टरमधून तो निसटून तुमच्या 'संथ प्रवाहात' जाऊन बसतो. मी ७२ तास घेईन. रोटरी स्पेक्ट्रममध्ये (फिरण्याच्या दिशेनुसार वेगळा केलेला स्पेक्ट्रम) घड्याळाच्या दिशेचं शिखर ४१ च्या आसपास आहे का ते आधी बघा.

सागरवेडी: बाप रे, ४० तासांचाच लावला होता. मग खाली उरतं ते काय असेल?

मतलई: हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तोही समोरून येणाऱ्या मंद वाऱ्याविरुद्ध. त्यामुळे स्थानिक वाऱ्याशी जुळलं नाही तर घाबरू नका. बरंचसं कारण दूरचं असतं, श्रीलंकेला वळसा घालून येणाऱ्या किनारी लाटांचं. पण त्याचा जोर खंडमंचाच्या उतारावर (किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र खोल होतो तिथे) जास्त, ३० मीटरवर तो स्पष्ट दिसेलच असं नाही. मार्मागोवा आणि मुंबईच्या समुद्रपातळीच्या नोंदी शेजारी लावून बघा. संथ चढउतार आधी मार्मागोव्याला आणि मग मुंबईला पोचताना दिसले, तर धागा हाती लागला.