साखरपुडा झाला, किडनी फेल निघाली, मुलगी फिरली. मग?

चिडलेली_पुणेकर
काल काकांनी टाकलं की भाच्याचं कॉलेजपासूनचं प्रेम, थाटात साखरपुडा, आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) वाढून डायलिसिस लागल्यावर मुलीने अंगठी परत केली. वर शेरा, आजकालच्या मुलींचं प्रेम रिपोर्ट येईपर्यंतच. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. आठवड्यातून 3 वेळा 4-4 तास मशीनवर, पाणी मोजूनमापून, नारळपाणी बंद, हे सगळं चोविशीतल्या मुलीने हसत पदरात घ्यायचं हे ठरवणारे आपण कोण? माझ्या मावसबहिणीला ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, किडनीपर्यंत गेला, तेव्हा तिचा इतक्या वर्षांचा बॉयफ्रेंड महिन्यात गायब झाला. त्याच्यावर कोणी पोस्ट नाही टाकली, उलट 'त्याचंही आयुष्य आहे ना' म्हणत होते सगळे.

सांगलीचे_काका
ताई, नीट वाचा. गेली याचं दुःख नाही, पोरगा मशीनवर असताना व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकून गेली याचं आहे. भेटून सांगायचं ना. मला टीबी झाला तेव्हा लग्नाला वर्ष पण नव्हतं, सासरे न्यायला आले होते, ही गेली नाही.

गुणमिलन_विरोधी
36 गुण जुळवता, मंगळ बघता, मग लग्नाआधी दोघांची साधी रक्त-लघवी का नाही तपासत? बीपी तरी?? किडनीचं शेवटपर्यंत कळत नाही बऱ्याचदा.

चिडलेली_पुणेकर
तो वेगळा विषय आहे हो. काका, भेटून सांगायला हवं होतं, मान्य. आता तुम्ही सांगा, मुलगा आजारी पडल्यावर लग्नाची तारीख अलीकडे आणायचं कोणी सुचवलं? कालच्या कमेंटमध्ये तुम्हीच लिहिलंय.

डायलिसिस_टेक्निशियन
अच्छा, म्हणजे असं आहे. 1994 च्या अवयव कायद्यात बायको जवळची नातेवाईक, होणारी बायको नाही. तिने स्वतःची किडनी द्यायची म्हटली तर प्राधिकार समितीपुढे, म्हणजे नात्याबाहेरच्या दात्याला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, जावं लागतं. लग्न झालं की सर्टिफिकेट दाखवायचं, काम सोपं. मी युनिटला रोज बघतो, पुरुष पेशंट असला की चौकशी सुरू होते ती बायको नि आईपासून, बाई पेशंट असली की नवऱ्याला अचानक 'घर कोण चालवणार' आठवतं.

सांगलीचे_काका
तोंड सांभाळून बोला!! आम्ही काय किडनीसाठी सून आणत होतो का? पोराला धीर येईल म्हणून घाई केली.

नाशिककर_नवरा
टेक्निशियन साहेब, सगळ्यांना एका काठीने हाकू नका. मी बायकोला दिलीय किडनी. 'तुला अजून मुलं व्हायचीत, देऊ नकोस' म्हणणारी माझी सख्खी आई होती. बायको आता टॅक्रोलिमस (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणूनचं औषध) वेळेवर घेते आणि माझ्याशी वेळेवर भांडते.

डायलिसिस_टेक्निशियन
तुम्हाला सलाम, मनापासून. पण तुमच्यासारखे मोजकेच.

नाव_नको
मी दिलीय नवऱ्याला. प्रेमविवाह. विचारलं होतं सगळ्यांनी, पण नाही म्हणायची जागाच नव्हती, सासूबाई रोज देवापुढे रडायच्या. हॉस्पिटलच्या चौकशीत 'स्वखुशीने' म्हटलं. पश्चात्ताप नाही, तो बरा आहे, पण त्या मुलीने जागा असताना नाही म्हटलं तर तिला शिव्या देऊ नका.

चिडलेली_पुणेकर
काका, घरात किडनीचा विषय झालाच नव्हता? खरं सांगा.

सांगलीचे_काका
झाला असेल. आईला शुगर, वडील नाहीत, माणूस बुडताना काहीही बोलतं. तिच्या कानावर गेलं असेल, मला काय माहीत. तुम्ही शहाणे, आम्ही राक्षस, झालं समाधान?

गुणमिलन_विरोधी
भाच्याला भाऊ नाही का?

सांगलीचे_काका
आहे, दुबईला. त्याच्या बायकोचा विरोध आहे. लहान मुलं आहेत, तिचंही बरोबर आहे.

चिडलेली_पुणेकर
वा! म्हणजे भावाच्या बायकोने नाही म्हटलं तर बरोबर, आणि जिचं अजून लग्नही झालं नव्हतं ती स्वार्थी.

डायलिसिस_टेक्निशियन
भांडण चालू द्या, पण काका, हॉस्पिटलमधून झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागातलं अवयववाटप बघणाऱ्या संस्थेच्या, वेटिंग लिस्टला नाव घातलंय का? ब्रेन डेड दात्याची किडनी तिथूनच मिळते, नंबर लागायला वर्षं जातात. आणि सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

सांगलीचे_काका
योजनेत चालूच आहे. लिस्टचं कोणी बोललं नाही, सगळे 'घरातलं कोण देणार' एवढंच विचारतात. उद्या भाच्याला घेऊन जातो. ताईंशी मात्र अजूनही पटत नाही.