+१०० ला "त्रुटी" म्हणायचं की "निरंक"?

शब्दवेडी_नागपूर
पोरांसाठी मराठीत नोट्स लिहून राहिली आहे. विषय असा, की प्रोग्राममधून एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचं, स्टेटमेंट चालवलं की त्याचं पुढे काय झालं ते प्रोग्रामनी विचारायचं कसं. स्टेटस, एरर, वॉर्निंग, डायग्नोस्टिक्स, या चार शब्दांपाशी गाडी अडली. स्टेटसला डिक्शनरीत 'दर्जा' मिळतो, पण "स्टेटमेंटचा दर्जा तपासा" लिहिलं तर पोरं म्हणतील मॅडम, क्वालिटी कशी तपासायची. आणि एररला त्रुटी लिहू की चूक?

खामल्याचा कोबोलवाला
ताई, दर्जा सोडाच, 'स्थिती' लिहा. "अर्जाची स्थिती" लोकं रोज पाहतात, सगळ्याइले समजते. खरी गोची पुढं आहे. आयबीएमच्या डीबी२ डेटाबेसमध्ये स्टेटमेंट चाललं की एसक्यूएलकोड नावाचा आकडा येते: ० म्हणजे काम झालं, मायनस म्हणजे एरर, प्लस म्हणजे वॉर्निंग, अन् +१०० म्हणजे रो (टेबलातली ओळ) सापडलीच नाही. आता या +१०० ले काय म्हणाल? नवीन पोरं सरळ "एरर आली" म्हणते अन् प्रोग्राम बंद पाडते. अरे बाबा, कर्सर फिरवताना, म्हणजे एकेक रो वाचत जाताना, शेवटची रो झाली की +१०० येणारच, नाही आला तर लूप थांबन कसा! याच्यासाठी सरकारी ऑफिसात पक्का शब्द आहे, निरंक. कलेक्टर ऑफिसले निरंक अहवाल पाठवला तर कोणी चूक केली असं थोडीच होते.

तर्रीपोहे
काका, निरंक गजब आहे. पण पोरं निरंक आणि नल एकच समजतील, पाहा तुम्ही. रोच मिळाली नाही ते निरंक, आणि रो मिळाली पण त्यात फोन नंबरचा कॉलम भरलेलाच नाही तो नल, आणि त्या नलसाठी इंडिकेटर व्हेरिएबल (नल आहे का ते सांगणारं) दिलं नसलं तर डीबी२ -३०५ फेकतो, ती मात्र खरी एरर. हे दोन्ही एकाच पानावर घ्या ताई.

'चूक' टाळाच, असं माझं मत. -९११ चंच घ्या ना, डेडलॉक झाला (दोन प्रोग्राम एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसले) किंवा लॉकची वाट पाहून पाहून टाइमआउट झाला, यात दरवेळी आपलीच चूक कशी? तिथे महत्त्वाचं एवढंच की -९११ आला तर रोलबॅक होऊन, म्हणजे केलेले बदल मागे घेऊन, गेलेला असतो, -९१३ आला तर झालेला नसतो, तो निर्णय तुमच्यावर. त्रुटी चालेल, "प्रस्तावात त्रुटी काढली" म्हणतोच की आपण.

बर्डीकर
नुसत्या एसक्यूएलकोडवर नोट्स लिहू नका. डुप्लिकेट 'की' (key, एकदाच यायला हवी ती किंमत परत) घुसवली तर डीबी२ म्हणतो -८०३, ओरॅकल म्हणतो ओआरए-००००१, मायएसक्यूएल म्हणतो १०६२. म्हणून तर एसक्यूएल-९२ या सामाईक मानकात एसक्यूएलस्टेट नावाचा कोड आला. पाच अक्षरं, पहिली दोन म्हणजे वर्ग: ०० काम झालं, ०१ वॉर्निंग, ०२ काकांचं निरंक, २३ म्हणजे टेबलवर घातलेलं बंधन मोडलं. तरी पुढची तीन सगळीकडे जुळतीलच असं नाही, याच डुप्लिकेटला डीबी२ आणि पोस्टग्रेस २३५०५ देतात आणि मायएसक्यूएल २३०००. दोन-तीन डेटाबेसवर चालवायचा प्रोग्राम असेल तर मी तरी आधी वर्गच पाहतो.

शब्दवेडी_नागपूर
वर्ग घेतला. आणि गेट डायग्नोस्टिक्सला, म्हणजे आधीच्या स्टेटमेंटचं काय झालं ते विचारायच्या स्टेटमेंटला, 'निदान'?

खामल्याचा कोबोलवाला
नको नको. एक तर ते "निदान एकदा तरी" वालं निदान वाटते, अन् दुसरं म्हणजे ते स्टेटमेंट निदान करतच नाही. धंतोलीतल्या लॅबमधून मिळते तो रिपोर्ट असते, निदान डॉक्टर करते. इथं बी किती रो बदलल्या, स्टेट काय, मेसेज काय, एवढंच हाती येते. 'तपशील' लिहा सरळ. अन् लाल पेनानं लिहा की तपशील लगेच घ्यायचा, कारण पुढचं स्टेटमेंट चाललं की आधीचा गेला. लोकं आधी रोलबॅक मारते, मंग एसक्यूएलकोड लॉगमध्ये लिहिते, अन् लॉगमध्ये दिसते शून्य. म्हणजे रोलबॅक नीट झाला एवढंच समजलं, एरर कोणती होती ते गेलं वाहून. बसा मंग रात्रभर शोधत.

तर्रीपोहे
वॉर्निंग राहिली की. काका, ० म्हणजे काम झालं, हे पण अर्धंच आहे बरं का. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं दरेक चिन्ह ३ बाइट खाते, 'नागपूर' मध्ये ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. प्रोग्राममधलं व्हेरिएबल १५ बाइटचं असलं तर हाती येते 'नागपू'. डीबी२ मध्ये तेव्हा एसक्यूएलकोड शून्यच राहू शकतो, फक्त एसक्यूएलवॉर्न१ या वॉर्निंगच्या फ्लॅगमध्ये 'डब्ल्यू' पडतो आणि स्टेट येते ०१००४. म्हणून 'इशारा' बरोबर बसते. ताकीद नको, ताकीद दिली म्हणजे काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटते.

खामल्याचा कोबोलवाला
हे बरोबर बोलला पोरगा. शून्य पाहिला तरी वॉर्नचे फ्लॅग पाहाच. ताई, उदाहरणात गाव 'नागपूर'च ठेवा, 'पुणे' घेतलं तर १२ बाइटमध्ये मावते, काहीच कापलं जात नाही.