मागून येणारे वाहन टिपणारे सायकल रडार: त्यावर किती विसंबावे?

प्रश्न (पहाटेचा सायकलस्वार)

नमस्कार मंडळी. मी गेली सात वर्षे रोड बाइक चालवतो आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे एकटाच दुपदरी रस्त्यावर जातो. दोन महिन्यांपूर्वी एक मालट्रक माझ्या इतक्या जवळून गेला की, त्याच्या वाऱ्याच्या झोताने सायकल हेलकावली. समोरून वारा वाहत असल्याने कानांत नुसता घोंघावणारा आवाज होता आणि ट्रक अगदी बाजूला येईपर्यंत मला त्याची चाहूल लागली नव्हती. त्या दिवसापासून मी दर अर्ध्या मिनिटाला मान वळवून मागे पाहू लागलो आहे. त्यामुळे मान आखडतेच, शिवाय प्रत्येक वेळी हँडल नकळत किंचित रस्त्याच्या मध्याकडे सरकते, म्हणजे ज्या धोक्यासाठी मागे पाहायचे त्याच धोक्याकडे मी आपणहून जातो.

सीटखाली बसवायच्या रडारविषयी मी बरेच वाचले, पण ते बहुतेक जाहिरातीच्या भाषेत आहे. ज्यांनी ते वर्ष-दोन वर्षे रोज वापरले आहे, त्यांच्याकडून मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे, हे यंत्र कोणत्या परिस्थितीत फसते? दुसरी, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, ही की, त्याची सवय लागल्यावर आपण मागे पाहणेच सोडून देतो का? तसे होणार असेल, तर साधा आरसा घेतलेला बरा, असे मला वाटते.

उत्तर १ (सहा वर्षांचा वापरकर्ता)

आपला अनुभव वाचून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. मी सहा वर्षांपासून मागचा दिवा आणि रडार एकत्र असलेले उपकरण वापरतो. हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरच्या कडेला एक पट्टी दिसते, तिच्यावर मागचे प्रत्येक वाहन एका ठिपक्याच्या रूपाने खालून वर सरकत येते आणि नवे वाहन टिपले गेले की एक छोटा आवाज होतो. वाहन नेहमीच्या वेगाने जवळ येत असेल तर रंग पिवळसर, फार वेगाने येत असेल तर लाल, आणि मागे काही टिपले गेले नसेल तर हिरवा.

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मी स्वतःवर झेललेले आहे. पहिल्या चार महिन्यांत माझे मागे पाहणे खरोखरच कमी झाले. एकदा लांब उतारावर मी ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरने जात होतो आणि एक मोटार जवळजवळ तितक्याच वेगाने, थोडे अंतर राखून, माझ्या मागे येत होती. तिचा ठिपका आधी दिसला होता, पण चालकाने वेग माझ्याइतका कमी केल्यावर तो नाहीसा झाला आणि पट्टी हिरवी झाली. मला वाटले, गाडी कुठेतरी वळून गेली. पुढे खड्डा दिसला म्हणून मी रस्त्याच्या मध्याकडे सरकलो आणि मागून जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला. त्या चालकाने सावधपणे अंतर ठेवले होते म्हणून मी वाचलो. चूक पूर्णपणे माझी होती. यंत्राने जे सांगितले होते ते खरे होते, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. रडारने आवाज केला तर त्यावर विश्वास ठेवायचा, आणि ते गप्प असेल तर त्या गप्प असण्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही. आपल्या रेषेतून बाजूला व्हायचे असेल, मग तो खड्डा चुकवणे असो, वळणे असो की पुढच्या सायकलला मागे टाकणे असो, खांद्यावरून मागे पाहिल्याशिवाय हँडल हलवायचे नाही. सरळ चालताना मात्र मी आता जवळजवळ मागे पाहत नाही आणि तिथेच रडारचा खरा उपयोग आहे. आवाज झाला की हात स्थिर करायचे, रेषा धरून ठेवायची, दोघे शेजारी चालत असलो तर एकामागे एक व्हायचे. मोकळ्या रस्त्यावर मी खड्डे आणि खडी टाळण्यासाठी थोडा आत चालतो आणि सूचना मिळाली की मागे पाहून सावकाश कडेला येतो. आपल्याला त्रास देणारा वाऱ्याचा घोंघाट आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा शांतपणा, या दोन्हींवर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

उत्तर २ (रडार अभियंता)

माझा व्यवसाय सूक्ष्मलहरींच्या उपकरणांशी संबंधित आहे आणि मी सायकलही चालवतो, त्यामुळे वरच्या प्रसंगात ठिपका का नाहीसा झाला, ते थोडे सविस्तर सांगतो. हे कारण समजले की यंत्राच्या बहुतेक मर्यादा आपोआप ओळखता येतात.

सायकलसाठीची यातली अनेक उपकरणे २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे सव्वा सेंटीमीटर असते. उपकरण मागे लहर सोडते, ती वाहनावर आपटून परत येते, आणि ते वाहन आपल्या दिशेने येत असेल तर परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित वाढलेली असते. रुळावरून जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. समजा, आपण ताशी २५ किलोमीटरने चाललो आहोत आणि मोटार ७० ने येते आहे, तर दोघांतील सापेक्ष वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर होतो. यामुळे पडणारा वारंवारतेचा फरक केवळ २००० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे २४०० कोटींमध्ये २ हजार, आणि तेवढा फरक हे छोटे यंत्र अचूक ओळखते. रस्ता, झाडे, खांब, उभी वाहने ही सारी आपल्यापासून दूर जात असतात, म्हणून ती वगळली जातात. पण जे वाहन आपल्याच वेगाने मागे राहिले आहे, त्याचा सापेक्ष वेग शून्य असल्यामुळे फरकही शून्य होतो आणि यंत्राच्या दृष्टीने तिथे जवळ येणारे काहीच उरत नाही. म्हणून हिरव्या रंगाचा अर्थ ‘मागे कोणी नाही’ असा नसून ‘जवळ येणारे कोणी टिपले गेलेले नाही’ एवढाच आहे.

आता अंतराविषयी. गार्मिनच्या व्हेरिया मालिकेतील आरटीएल ५१५ या उपकरणाचा पल्ला १४० मीटर सांगितला जातो, काही नव्या उपकरणांचा त्याहून जास्त आहे. हा आकडा मीटरमध्ये न वाचता सेकंदांत वाचावा. वरच्या उदाहरणात १४० मीटर म्हणजे सुमारे ११ सेकंदांची पूर्वसूचना झाली. तेच वाहन ताशी १०० किलोमीटरने येत असेल तर सात सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. मान वळवून पाहायला आणि रेषा सावरायला एवढा वेळ पुरतो, पण रस्ता सोडून खाली उतरायला तो पुरेलच असे नाही.

ही लहर सरळ रेषेत जाते. तीव्र वळणाच्या किंवा चढाच्या माथ्याच्या पलीकडचे वाहन तिला दिसत नाही, त्यामुळे डोंगरातील वळणांच्या रस्त्यावर पल्ला कागदावर कितीही असला तरी सूचना मिळते ती वाहन वळणावर प्रकट झाल्यावरच. मोठ्या ट्रकच्या आड दडलेली लहान मोटार हा आणखी एक धोका आहे. ट्रक निघून गेला की आपण सैल पडतो, आणि त्याच क्षणी दुसरी गाडी अगदी जवळ आलेली असते. उलट बाजूने, शेजारच्या समांतर रस्त्यावरचे वाहन कधीकधी विनाकारण सूचना देऊन जाते, पण तो दोष मला क्षम्य वाटतो.

बसवताना काळजी घ्यावी. उपकरणाचा चेहरा जमिनीशी काटकोनात, नेमका मागे बघणारा असावा, आणि त्याच्यासमोर सॅडलबॅगचा पट्टा, लोंबणारे रेनकोटचे टोक किंवा सामानाची पिशवी येऊ नये. सूचना मिळेनाशा झाल्या की लोक यंत्राला दोष देतात आणि अनेकदा कारण कलंडलेले बसवणे एवढेच असते.

उत्तर ३ (एका कानाने ऐकणारी)

मला डाव्या कानाने जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या माणसाला वाहन कोणत्या बाजूने आणि साधारण किती अंतरावर आहे हे न कळत समजते, मला ते कधीच समजत नव्हते. आवाज आला तर तो मागून येतो की पुढून, एवढेही ठरवण्यासाठी मला पाहावे लागे, आणि या सततच्या ताणामुळे मी पंधरा वर्षे फक्त बागेतल्या आणि नदीकाठच्या वाटांवरच सायकल चालवली.

माझे रडार मी मनगटावरच्या सुसंगत घड्याळाशी जोडले आहे, त्यामुळे वाहन टिपले गेले की घड्याळ थरथरते. कॉम्प्युटरच्या आवाजाची मला गरज पडत नाही आणि डोळे पुढच्या रस्त्यावर राहतात. ज्यांना ऐकण्याची अडचण आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी ही एक गोष्ट जरूर तपासावी, कारण काही जोडण्यांमध्ये सूचना केवळ आवाजाने किंवा केवळ रंगाने मिळते.

‘आरसा की रडार’ या प्रश्नावर माझे मत असे की, या दोघांची कामे वेगळी आहेत. कधी पाहायचे ते रडार सांगते, काय पाहायचे ते आरसा सांगतो. वाहन मोठे आहे की लहान, चालक बाजूला सरकतो आहे की सरळ आपल्यावरच येतो आहे, हे ठिपक्यातून कळत नाही. मी थरथर जाणवली की आरशात नजर टाकते, आणि बाजूला व्हायचे असेल तर मानही वळवते. आपली मान आखडते असे आपण लिहिले आहे, तर हँडलच्या टोकाला बसणारा छोटा आरसा आपल्याला दिलासा देईल असे मला मनापासून वाटते.

उत्तर ४ (समूहासोबत चालणारा)

वरची उत्तरे उत्तम आहेत, पण एक गोष्ट मागे पडू नये असे वाटते. रडार आपल्याला सावध करते, चालकाला नाही. आपण ज्या प्रसंगाबद्दल लिहिले आहे, त्यात ट्रक येतो आहे हे अकरा सेकंद आधी कळले असते, तरी त्याने किती अंतर सोडायचे हा निर्णय त्याचाच राहिला असता. म्हणून मी नव्या सायकलस्वारांना आधी दिवसासुद्धा दिसेल असा प्रखर मागचा दिवा, भडक रंगाचे कपडे आणि रस्त्याची व वेळेची निवड यांवर लक्ष द्यायला सांगतो. दिवा आणि रडार एकत्र असलेली काही उपकरणे वाहन जवळ येताच दिव्याची लुकलुक बदलतात, आणि त्यांचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र आपापल्या देशाचा नियम पाहावा. जर्मनीसारख्या ठिकाणी सायकलचा लुकलुकणारा मागचा दिवा नियमात बसत नाही, तिथे स्थिर दिव्याचे किंवा दिव्याविना रडार घ्यावे लागते.

समूहात चालताना प्रत्येकाच्या सीटखाली रडार सुरू असेल तर गोंधळ होतो. मागचा सायकलस्वार अंतर कापत जवळ आला की तोच वाहन म्हणून टिपला जातो, आणि त्याच्या शरीराआड खरे वाहन उशिरा दिसते. आम्ही सर्वांत मागच्या व्यक्तीच्याच सूचना ग्राह्य धरतो आणि तिने ‘मागून गाडी’ अशी हाक दिली की ती हाक एकेक करून पुढे पोहोचवतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. समान वेगाच्या वाहनाचा मुद्दा मी कुठेही इतका स्पष्ट वाचला नव्हता, आणि माझ्या नेहमीच्या रस्त्यावर दोन लांब उतार असल्याने तो मला थेट लागू पडतो. मी आरसा आणि रडार दोन्ही घेण्याचे ठरवले आहे, आणि पहिले काही आठवडे फक्त आरसा वापरीन, म्हणजे मागे पाहण्याची सवय डोळ्यांना आधी लागेल. एक शंका उरते. वाटेत रडारची बॅटरी संपली तर ते कळते का, की पट्टी तशीच हिरवी राहते?

उत्तर १ (सहा वर्षांचा वापरकर्ता)

माझ्या कॉम्प्युटरवर बॅटरी उतरू लागली की सूचना येते आणि जोडणी तुटली की पट्टी नाहीशी होऊन तसा संदेश दिसतो, पण तो संदेश काही क्षणच राहतो आणि त्या वेळी आपले लक्ष रस्त्यावर असेल तर तो निसटू शकतो. म्हणून घरातून निघाल्यावर पहिले वाहन मागे टाकून जाते तेव्हा सूचना आली की नाही हे मी दर वेळी मुद्दाम पाहतो, आणि लांबच्या फेरीत थोड्या थोड्या वेळाने तीच खात्री पुन्हा करून घेतो. दिवा स्थिर आणि प्रखर ठेवला तर बॅटरी फार लवकर संपते. आरटीएल ५१५ दिवसाच्या लुकलुकीवर सुमारे १६ तास चालते असे सांगितले जाते, स्थिर प्रखर दिव्यावर मात्र सुमारे ६ तासच. आपण पहाटे अंधारात निघत असल्याने आपल्याला दुसरा आकडा धरून चालावे लागेल, आणि मागे एक वेगळा साधा दिवाही लावून ठेवावा, कारण या उपकरणाची बॅटरी संपली की रडार आणि दिवा दोन्ही एकदमच बंद होतात.