तो आपटा नाही, कांचन

फेब्रुवारीत जवळजवळ निष्पर्ण झाडावर गुलाबी फुलं आणि उरलीसुरली जोडपानं (दोन पाळ्यांची पानं) दिसली, म्हणून त्या झाडाला कुणी 'आपटा' म्हटलंय. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी असतात. हा कांचन, शास्त्रीय नाव बाउहिनिया व्हेरिगाटा. (दसऱ्याला आपटा म्हणून याचीच पानं सर्रास खपवतात!) खात्रीसाठी फुलातले पुंकेसर (टोकाला पराग असलेले तंतू) मोजा: पाच असतील तर हाच. तीन असतील आणि फुलं दिवाळीच्या आसपास, झाडावर पानं असताना येत असतील तर तो कांचनाचा भाऊबंद, बाउहिनिया पर्प्युरिया.

कांचन लावायला सोपा. शेंगा तडकून बी उडण्याआधी काढा, रात्रभर भिजवून पिशवीत पेरा. ऊन भरपूर हवं, मुळाशी पाणी साचू देऊ नका. छाटणी बहर संपल्यावरच. थंडीत छाटलात तर कळ्याच जातील.