प्रतिसाद: घरे आधी की रेल्वे आधी?
‘आधी घरे होऊ द्यावीत, रस्ते, पाणी आणि रेल्वे मागून येतातच’ हा मुद्दा मला पटत नाही, कारण मागून येणाऱ्या सोयींसाठी जागाच शिल्लक राहत नाही आणि राहिलीच तर तिचे संपादन फार महाग पडते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या १९४७ सालच्या आराखड्यात वाढीव वस्ती तळहाताच्या बोटांसारखी उपनगरी रेल्वेमार्गांलगत पसरावी आणि मधले हिरवे पट्टे मोकळे राहावेत, अशी रचना मांडलेली होती. मूळ आराखडा मात्र सल्लावजा होता, आणि खरी मेख तिथेच आहे. २००७ साली त्याला राष्ट्रीय निर्देशाचे कायदेशीर बळ मिळाले आणि तो कोपनहेगन परिसरातील ३४ नगरपालिकांवर बंधनकारक झाला. मोठी कार्यालये सर्वसाधारणपणे स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत, इतक्या बारकाव्यापर्यंत त्यात नियम आहेत.