पुढचे दोन टायर गोटा झालेत. दोनच बदलू की चारही?

दुपारची_शाळा:

नमस्कार मंडळी. माझी गाडी छोटी हॅचबॅक आहे. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. टायर अजून गाडीसोबत आलेलेच आहेत, १७५/६५ आर १४ ८२टी. आठ वर्षांत ४६,००० किलोमीटर झाले. रोजची शाळा, आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला नेणं-आणणं आणि सुट्टीत एखादा लांबचा प्रवास, एवढाच वापर. ताशी ८० च्या पुढे मी फारशी जातच नाही.

परवा आईला घेऊन परत येताना जोराचा पाऊस होता. पुढची गाडी एकदम थांबली. मी ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल थरथरायला लागलं आणि गाडी सरकतच राहिली. मध्ये हातभर अंतर उरलं असेल. आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही, पण घरी पोचेपर्यंत तिने पुढच्या सीटवरचा हात काढला नाही. ते मला अजून आठवतंय.

घरी आल्यावर बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिलं. पुढचे दोन्ही जवळजवळ गोटा झालेत. मुलाच्या व्हर्नियरने खाचांची खोली मोजली. पुढे मधल्या भागात २.२ मिलिमीटर आणि कडांना त्याहून कमी. डाव्या चाकाची आतली कड तर खाचेतल्या, झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या आडव्या उंचवट्याला टेकलीय. मागचे मात्र दोन्ही ४ मिलिमीटर, एकसारखे झिजलेले.

दुकानात गेले तर तीन गोष्टी सांगितल्या. एक, दोनच घ्या आणि पुढे टाका, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भारही पुढेच. दोन, १८५/६५ आर १४ घ्या, टायर रुंद म्हणजे पकड जास्त. तीन, त्यांच्याकडे एक जोडी बरीच स्वस्तात आहे, "थोडा जुना स्टॉक आहे, पण वापरलेला नाही."

मला यातलं काही कळत नाही आणि घाईत निर्णय घ्यायचा नाही. पण त्याच गाडीत परवा पुन्हा आईला बसवायचं आहे. कुणी नीट सांगेल का?

लाल_हॅचबॅक:

माझीही अशीच गाडी आहे. मी दोन नवे घेतले आणि पुढे टाकले, दोन वर्षं काही त्रास नाही. मागचे ४ मिलिमीटर आहेत तर उगाच कशाला काढायचे? स्वस्त जोडी मात्र नको.

चाकवाला_काका:

ताई, मी सव्वीस वर्षं टायर बसवतोय. जरा लांबण लागेल, पण घाईत नाही म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वय पाहा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१७ असेल तर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कधीकधी पूर्ण ओळ फक्त आतल्या बाजूला असते, तेव्हा बाहेर दिसली नाही तर आत वाकून बघा. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतात, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. म्हणूनच बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तकात ६ वर्षांनी टायर बदला असं लिहिलेलं असतं, खाचा कितीही शिल्लक असल्या तरी. तुमच्या मागच्या टायरचे ४ मिलिमीटर आठ वर्षांचे आहेत. मी तुमच्या जागी असतो तर चारही बदलले असते.

तरी समजा आत्ता दोनच परवडतात. मग ते मागे टाका आणि मागचे पुढे आणा. लाल_हॅचबॅक, तुमच्यावर राग नाही, मीही कित्येक वर्षं हेच करायचो. गिऱ्हाईक म्हणायचं पुढे टाका, मी टाकायचो.

मग माझ्या भावाच्या गाडीला मीच नवी जोडी पुढे लावून दिली. दोन महिन्यांनी पावसात, उताराच्या वळणावर, त्याची गाडी मागून सुटली आणि भोवऱ्यासारखी फिरून कठड्याला उलटं तोंड करून थांबली. त्याची मोठी मुलगी मागच्या सीटवर होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. भाऊ वेगात नव्हता. पुढच्या नव्या टायरनी पाणी कापलं, म्हणून त्याला स्टिअरिंगवर सगळं ठीक वाटत राहिलं. मागच्या झिजलेल्या टायरना तेवढं पाणी बाहेर टाकता आलं नाही, ते पाण्यावर तरंगले. पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, ते हाताला कळतं, पाय उचलला की बहुतेक वेळा ती परत ताब्यात येते. मागच्याची सुटली की कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते, आणि आपण दचकून एकदम पाय उचलला तर आणखी फिरते. मोठ्या टायर कंपन्याही चांगली जोडी मागे ठेवा असंच सांगतात. ती पुतणी आता बरी आहे. पण त्या दिवसापासून माझ्या हाताखालून नवी जोडी पुढे बसवलेली एकही गाडी बाहेर गेलेली नाही. गिऱ्हाईक भांडून दुसरीकडे गेलं तरी चालेल.

आता माप. १७५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची बाजू, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर तुमचं टायर ५८३ मिलिमीटर व्यासाचं, आणि १८५/६५ भरतं ५९६. १३ मिलिमीटरचा फरक, म्हणजे सव्वादोन टक्के. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ८२ ने जात असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासायची शक्यता वेगळीच. आणि रुंद म्हणजे पकड जास्त हे साचलेल्या पाण्यात उलटं पडतं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, ते लवकर तरंगतं. तुम्हाला अडचण आली ती पावसातच ना? मग कंपनीचंच माप ठेवा.

८२ हा भाराचा अंक आहे, एका टायरला ४७५ किलो. यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. ७९ म्हणजे ४३७ किलो, दिसायला अगदी तेच टायर. टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. तुम्ही ८० ने चालवता, पण ते अक्षर उष्णता सोसायची ताकदही सांगतं, म्हणून त्याच्या खाली जाऊ नका. वरचं, म्हणजे एच मिळालं तर हरकत नाही.

स्वस्त जोडीचा कोड आधी वाचा. सावलीत, कोरड्या जागी ठेवलेलं वर्ष-दीड वर्षाचं टायर वाईट नसतं, तेवढ्यावरून भिऊ नका. पण दुकानदार नुसतं "थोडा जुना" म्हणतो आणि आकडे दाखवत नाही तेव्हा मी उठून येतो. दोन्ही टायरचे आकडे वेगवेगळे वाचा, जोडीत एक नवं आणि एक चार वर्षांचं निघालेलं मी पाहिलंय.

कंपनी कुठली, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मला बरं वाटलं. युरोपच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशी दिलेली असते. ते लेबल मिळालं तर तुमच्यासाठी पहिलं अक्षर तेच, इंधन आणि आवाज नंतर. खूप किलोमीटर चालणारं टायर बऱ्याचदा कडक रबराचं असतं. तुम्ही वर्षाला सहा हजारही चालवत नाही. तुमचं टायर झिजण्याआधी म्हातारं होणार आहे, तर टिकाऊपणासाठी पकड सोडू नका.

शेवटचं. डाव्या चाकाची आतली कड एकटीच जास्त झिजलीय, हे टायरचं दुखणं नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलीय किंवा खाली काहीतरी सैल आहे. आधी गाडी उचलून ते चाक दोन्ही हातांनी हलवून बघायला सांगा. ते न करता नवं टायर बसवलं तर तेही असंच जाईल.

दुपारची_शाळा:

काका, दोनदा वाचलं. तुमच्या पुतणीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आत्ता खाली जाऊन आले. चारही टायरवर २३१७. मागच्या टायरच्या बाजूवर, खाचांच्या मुळाशीही, केसासारख्या बारीक भेगा आहेत. चार मिलिमीटर बघून मी खूश होते, भेगांकडे लक्षच गेलं नव्हतं. चारही बदलणार.

पुढच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा जास्त का झिजल्या असतील? हवा मी दर पंधरा दिवसांनी भरते, ३३ पीएसआय, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे.

रात्रपाळी:

हवा भरता कधी? मी रात्री टॅक्सी चालवतो आणि ही चूक मी स्वतः वर्षभर केली म्हणून विचारतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. चालून टायर तापलं की आतली हवा फुगते आणि काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हा ३३ भरली तर सकाळी ती २९-३० निघते. कमी हवेत मधला भाग दबून आत जातो, भार कडांवर येतो. कमी हवेचं टायर पाण्यावरही कमी वेगात तरंगतं, आणि पावसातल्या चालकाला हे माहीत असायलाच हवं.

पायाने दाबायचा पंप आणि स्वतःचा मीटर घ्या. पहाटे घरीच बघा. थंडी सुरू झाली की पुन्हा बघा, दहा अंश तापमान उतरलं की साधारण दीड पीएसआय जाते. बाहेर तापलेल्या टायरमधली हवा कुणाला "जास्त झालीय" म्हणून काढू देऊ नका.

नवे टायर बसवताना व्हॉल्वही नवे घ्या. आठ वर्षांचा रबरी व्हॉल्व वाकवून बघा, मुळाशी चिरलेला असतो.

दुपारची_शाळा:

डायलिसिसहून येताना भरते. चाळीस मिनिटं चालवून झाल्यावर. दर वेळी. म्हणजे इतकी वर्षं कमीच होती.

मंडळी, काम झालं, म्हणून लिहितेय. दुसऱ्या दुकानात गेले. चारही १७५/६५ आर १४ ८२टी, ओल्या पकडीला बी. बसवण्याआधी प्रत्येकाचा कोड मी स्वतः वाचला. तीन एकाच आठवड्याचे निघाले आणि चौथा पाच आठवडे मागचा, तेवढं चालेल असं समजून घेतले. गाडी वर उचलल्यावर डावं चाक हलवलं तर चक्क टकटक वाजलं. टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं, टोक झिजलं होतं. ते बदललं, मग अलाइनमेंट, आणि निघताना नट टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळून घेतले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला बोलावलंय. नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, असंही सांगितलं.

आज सकाळी थंड टायरची हवा घरी मोजली, चारही ३३. आईला घेऊन गेले, रस्ता ओला होता. येताना ती मागे झोपली होती.

एक राहिलं. स्टेपनीचा कोडही २३१७ आहे, पण ती कधी रस्त्यावर उतरलीच नाही, खाचा पूर्ण आहेत. ती चालेल ना?

चाकवाला_काका:

टाय रॉड सापडला हे फार चांगलं झालं, ताई.

स्टेपनी डिकीत अंधारात होती, म्हणून उन्हातल्या टायरएवढी खराब नसेल, पण आठ वर्षं ती आठच. पंक्चर झालं तर तिच्यावर हळू दुकानापर्यंत जा, त्याच दिवशी काढा. आईला घेऊन लांब जायचं असेल तर पाचवं टायर घ्या. आणि आत्ता तिच्यात हवा किती आहे ते बघा. बहुतेक स्टेपन्या मला अर्ध्या रिकाम्या सापडतात.

दुपारची_शाळा:

१४ पीएसआय. पंप घेऊन खालीच आहे.